धागा: इतिहास-तंत्रज्ञान संस्थांना मदत करणारे वकील नेमके कुठे बसवायचे?

कलमदान (धागाकर्ता)

पडक्या वास्तूंचं त्रिमितीय स्कॅनिंग, हेडसेट लावून आत शिरता येणारी जुनी न्यायालयं, प्रश्न विचारला की उत्तर देणारे साक्षीदार, रंग भरलेली जुनी छायाचित्रं. अशा कामाच्या स्वयंसेवी संस्थांना मोफत मदत करणारे वकील आता सहज मिळतात. पुढे काय होतं तेही ठरलेलं. दोन बैठका होतात, "यात जोखीम आहे" अशा अर्थाचं दोन पानी मत येतं आणि फोल्डरमध्ये पडून राहतं. दोष दोन्हीकडचा आहे. संस्थेला प्रश्न नीट विचारता येत नाही आणि वकिलाला वस्तू कधी दिसतच नाही.

माझं म्हणणं थोडक्यात: वकील स्कॅनिंगच्या आधी हवा, आणि त्याच्यापुढे "प्रकल्प" ठेवायचा नाही, वस्तूंची वही ठेवायची. प्रत्येक वस्तूला एक ओळ. रकाने साधारण असे:

वस्तू क्रमांक, काय आहे, कोणी केलं, त्याचं मृत्यूवर्ष, केव्हा केलं, प्रथम प्रसिद्ध केव्हा आणि कोणत्या देशात, वस्तू कोणाच्या ताब्यात, हक्क कोणाकडे, परवानगीच्या कागदाचं फाइलनाव, परवानगीच्या मर्यादा (मुदत, प्रदेश, माध्यम), जिवंत व्यक्ती दिसते किंवा ऐकू येते का, निर्णय, निर्णयाचं कारण, कोणी ठरवलं, तारीख.

निर्णयाला चारच अक्षरं पुरतात. क म्हणजे मुक्त, म्हणजे ज्यावर कॉपीराइट नाही किंवा संपला आहे. ख म्हणजे लेखी परवानगी हाती. ग म्हणजे हक्क अस्पष्ट, पण शोध घेऊन जोखीम पत्करलेली. घ म्हणजे वापरायचं नाही. यातला "ग" वकिलाने ठरवायचा नसतो. त्याने कारण लिहायचं, जोखीम पत्करायची की नाही ते विश्वस्तांनी ठरवायचं. हे आधी स्पष्ट केलं नाही तर मोफत काम करणारा वकील स्वतःच्या बचावासाठी सगळीकडे घ लिहून मोकळा होतो, आणि त्यात त्याचं चुकतंय असंही म्हणता येत नाही.

"निर्णयाचं कारण" हा रकाना रिकामा असेल तर ती ओळ झालेली नाही असं धरावं. पाच वर्षांनी त्याच रकान्याची गरज पडते.

सनदधारी

वहीच्याही आधी एक कागद हवा: कामाच्या व्याप्तीचं पत्र. दीड पान पुरे. अशील कोण, हे त्यात पहिल्या ओळीत लिहायचं. अशील म्हणजे संस्था. संचालक नाही, देणगीदार नाही, मुलाखत देणारे आजोबा नाहीत, मूर्ती ज्यांच्या ताब्यात आहे ते गावकरीही नाहीत. संमतीपत्रावर सही घेताना आजोबा वकिलाला विचारतात, "सही करू का?" त्या क्षणी वकिलाने स्पष्ट सांगायचं असतं की मी संस्थेचा वकील आहे, तुमचा नाही. म्हणून सही घेण्याच्या जागी वकील नसलेलाच बरा.

हितसंबंधांची तपासणी सगळ्यात जास्त वेळ खाते. मोठ्या लॉ फर्ममधला वकील असेल तर त्याची फर्म एखाद्या संग्रहालयाची, प्रकाशकाची किंवा सॉफ्टवेअर कंपनीची वकील असू शकते. संस्थेने पहिल्याच ईमेलसोबत नावांची यादी पाठवावी: संस्थेचं नोंदणीकृत नाव, विश्वस्त, मोठे देणगीदार, वस्तू देणारे संग्राहक, स्कॅनिंग आणि ॲपचे कंत्राटदार. अर्धवट यादी गेली तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून होते.

आणखी तीन गोष्टी पत्रात हव्यात. एक, वकील कोणत्या देशाच्या कायद्यावर सल्ला देणार आणि कोणत्या नाही. दोन, फर्मचा व्यावसायिक दायित्व विमा या कामाला लागू आहे का. वकील वैयक्तिक पातळीवर आला असेल तर बहुधा नसतो. तीन, काम कधी संपतं. "चालू राहील" असं लिहिलं की वर्षभराने नोटीस आल्यावर संस्था समजते आपल्याला वकील आहे, आणि वकील समजतो काम केव्हाच संपलं.

भारतातली एक मेख: बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला सर्वसाधारणपणे वकिली करता येत नाही, सनद (वकिलीचा परवाना) स्थगित ठेवावी लागते. कंपनीत नोकरी करणारे कायदेतज्ज्ञ मसुदे तपासू शकतात, वही भरू शकतात, पण संस्थेचे वकील म्हणून नोटिशीला उत्तर देऊ शकत नाहीत. अमेरिकेत वेगळा हिशोब. तिथल्या बार असोसिएशनच्या नमुना नियम ६.१ मध्ये वर्षाला ५० तास मोफत सेवेचं उद्दिष्ट आहे, पण त्यातला मोठा भाग गरजूंसाठी अपेक्षित आहे. सांस्कृतिक संस्थेचं काम उरलेल्या भागात बसतं, आणि तेही नेहमीची फी भरल्याने संस्थेचं कंबरडं मोडणार असेल तरच. तास मोजणाऱ्या वकिलाला संस्थेची आर्थिक पत्रकं आधीच दिली तर त्याचं काम सोपं होतं.

त्रिमिती

वहीला माझी एक दुरुस्ती. एका वस्तूला एक ओळ पुरत नाही, कारण आम्ही जे बनवतो त्याचे थर असतात. संग्रहालयातल्या एका दालनाचं आभासी दृश्य घ्या. इमारत, भिंतीवरचं चित्र, पुतळा, स्कॅन करताना काढलेली छायाचित्रं, त्यातून बनलेला मेश (त्रिमितीय आकाराची जाळी), त्यावर चढवलेला पोत (पृष्ठभागाचं चित्र), निवेदनाची संहिता, निवेदकाचा आवाज, पार्श्वसंगीत, फॉन्ट. पुतळा दोन हजार वर्षांचा असेल, पण मागच्या भिंतीवरचं चित्र १९७० चं असू शकतं. पुतळा मुक्त म्हणून सगळं दृश्य मुक्त समजणं ही नेहमीची चूक. दृश्याला एक मुख्य ओळ आणि खाली थरांच्या उपओळी ठेवा.

आता छायाचित्रं. फोटोग्रामेट्रीत, म्हणजे अनेक छायाचित्रांवरून त्रिमितीय आकार बनवताना, लागोपाठच्या चित्रांत ६० ते ८० टक्के भाग सामाईक लागतो. अर्धपुतळ्याला दीडदोनशे चित्रं सहज होतात आणि ती बहुतेक वेळा स्वयंसेवकांनीच काढलेली असतात. ती कोणाची, हे वकिलांनी सांगावं.

आणखी एक, मूळ चित्रांच्या फाइलमध्ये जीपीएस स्थान असतं. उघड्यावरच्या मूर्तींच्या बाबतीत ही चोरांसाठी आयती यादी. संग्रहातल्या प्रतीत स्थान राहू द्या, प्रकाशित प्रतीतून काढा. चौकटीत आलेल्या लोकांचे चेहरे मेश बनवण्याआधीच मास्क करा, कारण पोतात एकदा चेहरा चिकटला की तो नंतर काढणं त्रासाचं होतं.

कलमदान

थरांचं मान्य. रकाना वाढवतो.

छायाचित्रं ज्याने काढली त्याची. कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं होतं, पण स्वयंसेवक हा कर्मचारी नाही. पगार नाही, नोकरीचा करार नाही. दोनशे चित्रं पाच जणांनी काढली असतील तर मेशच्या मुळाशी पाच जणांचे हक्क असू शकतात. म्हणून कॅमेरा हातात देण्याआधी एका पानाचं हस्तांतरणपत्र किंवा परवाना घ्यायचा. नंतर माणसं सापडत नाहीत.

भारतात हे पत्र लिहिताना कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १९ उघडून ठेवा. मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण ५ वर्षांचंच धरलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. आणि वेगळं काही ठरलं नसेल तर मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो गळून पडतो. इतिहासाचे प्रकल्प वर्षभर रखडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. "हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभर, वापर झाला नाही तरी रद्द न होणारं" ही शब्दरचना पत्रात असायलाच हवी. परदेशी नमुना जसाच्या तसा उतरवला की नेमकी हीच वाक्यं राहतात.

जुनी_पाने

मुदतीचा घोळ वकिलांच्याही लक्षात येत नाही, कारण तो देशागणिक बदलतो.

कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं ही किमान मुदत आहे. भारतात ६०, युरोपीय संघ आणि ब्रिटनमध्ये ७०. अमेरिकेत जुन्या प्रकाशित साहित्याला प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणून तिथे १९३० मध्ये प्रसिद्ध झालेलं साहित्य १ जानेवारी २०२६ ला मुक्त झालं. भारतात छायाचित्रांची मुदत पूर्वी प्रकाशनापासून मोजली जायची. २०१२ च्या दुरुस्तीने कलम २५ गेलं आणि छायाचित्रंही लेखकाच्या मृत्यूनंतरच्या ६० वर्षांत आली. २०१२ च्या आधीच मुक्त झालेली त्यामुळे परत बंद झाली नाहीत. म्हणजे जुन्या छायाचित्राला दोन तारखा लागतात: प्रकाशनाची आणि छायाचित्रकाराच्या मृत्यूची.

ध्वनिमुद्रणाचं गणित निराळंच. अमेरिकेत १९२३ पूर्वीची प्रसिद्ध ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ ला एकदम मुक्त झाली, त्यानंतरची टप्प्याटप्प्याने होताहेत. भारतात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनापासून ६० वर्षं. मात्र तबकडी मुक्त झाली तरी तिच्यातलं गीत आणि चाल यांची मुदत वेगळी चालते. वहीत तीन ओळी.

पत्रांबद्दल तर कायमचा गैरसमज. कागद ज्याला पत्र आलं त्याचा, शब्द ज्याने लिहिले त्याचे, आणि तो गेला असेल तर त्याच्या वारसांचे. नातवाने आजोबांना आलेली पत्रपेटी संस्थेला दिली तर कागद मिळाले, प्रसिद्ध करण्याचा हक्क मिळाला नाही. भारतात कलम ५२ मध्ये एक उपयोगी फट आहे: लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात ठेवलेलं अप्रकाशित लेखन, लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं उलटली असतील तर, संशोधनासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने उतरवता येतं. घरातल्या पेटीला हे लागू नाही. पेटी आधी सार्वजनिक संग्रहात गेली पाहिजे.

जाहीर भाषणांचंही तसंच. १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांनी अडीच लाख लोकांसमोर भाषण केलं, ते दूरचित्रवाणीवर गेलं, तरी १९९९ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सांगितलं की एवढ्याने ते मुक्त झालं असं म्हणता येत नाही. "सगळ्यांनी ऐकलंय" हा परवाना नव्हे.

देशागणिक मुदत बदलते म्हणजे काय होतं ते पाहायचं तर ॲन फ्रँकची डायरी बघा. तिच्या हस्तलिखितातल्या काही भागांवर नेदरलँड्समध्ये २०३७ पर्यंत हक्क आहेत, शेजारच्या बेल्जियममध्ये ते संपले आहेत. अभ्यासकांनी २०२१ मध्ये ठेवलेली ऑनलाइन आवृत्ती म्हणूनच नेदरलँड्समधून उघडू दिली जात नाही. आपलं ॲप किती देशांत उघडतं हे त्यामुळे तांत्रिक संघाने वकिलाला आधी सांगितलं पाहिजे.

आडवा_प्रश्न

एवढी वही कोण भरणार? आणि खरं सांगा, दोनशे वर्षांपूर्वीच्या तोफेच्या स्कॅनवरून कोण कोर्टात जातंय?

सनदधारी

तोफेवरून नाही जाणार. पण त्रास फक्त कोर्टातून येत नाही. अनुदान देणारा "सर्व हक्क आमच्याकडे आहेत" या वाक्यावर सही मागतो. ॲप स्टोअर एका तक्रारीवर ॲप खाली घेतं. पाठ्यपुस्तकवाला परवानगीचा कागद मागतो. तिथे वही लागते.

शिवाय कॉपीराइट संपला म्हणजे सगळं संपलं असं नाही. लिओनार्दो दा विंची १५१९ मध्ये गेला. तरी त्याचं विट्रुव्हियन मॅन हे चित्र कोड्याच्या डब्यावर छापलं म्हणून इटलीतल्या न्यायालयाने २०२२ मध्ये एका जर्मन कंपनीला मनाई केली, आणि तीसुद्धा कॉपीराइटखाली नव्हे, तर इटलीच्या सांस्कृतिक वारसा कायद्याखाली. २०२४ मध्ये जर्मन न्यायालय म्हणालं की हा कायदा इटलीबाहेर चालत नाही. म्हणजे एकच चित्र, सीमेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं. वहीत "कॉपीराइटशिवाय अन्य बंधन" असा रकाना टाका: वारसा कायदा, संग्रहालयाच्या प्रवेशाच्या अटी, संरक्षित स्मारकात चित्रीकरणाची परवानगी, ड्रोनचं क्षेत्र.

त्रिमिती

उलट बाजूही सांगा ना. संग्रहालयं स्वतःच्या स्कॅनवर हक्क सांगतात ते कितपत टिकतं?

कलमदान

सपाट चित्राची हुबेहूब प्रतिकृती असेल तर फारसं टिकत नाही. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९९९ मध्येच सांगितलं की मुक्त चित्राच्या तंतोतंत छायाचित्रात नवा कॉपीराइट जन्मत नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाचं कलम १४ त्याच दिशेचं आहे, आणि २०२३ च्या अखेरीस इंग्लंडच्या अपील न्यायालयानेही मौलिकतेची कसोटी तशीच कडक लावली. त्रिमितीय स्कॅनमध्ये माणसाने सर्जनशील निवड किती केली यावर ठरतं. पोकळ्या बुजवणं, हरवलेलं नाक बसवणं, रंग कल्पनेने भरणं, हे सगळं केलं असेल तर त्या भागापुरता दावा उभा राहू शकतो.

बर्लिनच्या संग्रहालयातल्या नेफरतिती या प्राचीन इजिप्शियन राणीच्या पुतळ्याचा स्कॅन २०१९ मध्ये बराच पाठपुरावा झाल्यावर मिळाला, तेव्हा मॉडेलच्या तळाशीच बिगर-व्यावसायिक परवान्याची ओळ कोरलेली होती. पुतळा तीन हजार वर्षांहून जुना! पण लक्षात घ्या, कॉपीराइट नसला तरी तुम्ही संग्रहालयाशी करार करून फाइल घेतली असेल तर करार बांधतोच. म्हणून फाइल कशी आली, कोणत्या अटींवर आली, हे वहीत हवं.

नव्या पुतळ्यांबद्दल सावध राहा. भारतात कलम ५२ सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचं चित्र, रेखाटन, उत्कीर्णन, छायाचित्र यांना मुभा देतं. त्या यादीत त्रिमितीय मॉडेलचा शब्द नाही. शिल्पकार हयात असेल तर सरळ पत्र पाठवून परवानगी घ्यावी.

ध्वनिफीत

आता मौखिक इतिहास. वकिलांचा सगळ्यात जास्त उपयोग इथे होतो आणि नासाडीही इथेच, कारण ते चार पानी संमतीपत्र लिहितात.

कागद दोन हवेत, एक नाही. मुलाखतीआधी संमतीपत्र: काय विचारणार, कुठे ठेवणार, केव्हाही थांबता येईल. मुलाखतीनंतर हक्कपत्र: नोंद कोणाची, कशी वापरता येईल, कोणते भाग किती वर्षं बंद. दुसरा कागद नंतर का? कारण आपण काय बोलणार आहोत हे माणसाला बोलून झाल्यावरच कळतं. उतारा किंवा ध्वनिमुद्रण ऐकवून, आठवडाभर वेळ देऊन मग सही घ्यावी. मुद्रणाच्या सुरुवातीला नाव, तारीख, ठिकाण आणि तोंडी संमती घेतली तर कागद हरवला तरी आधार राहतो. वाचता न येणाऱ्यांना पत्र त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं आणि तेही मुद्रित करायचं. मूळ फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह ठेवा. संपादित प्रत वेगळी, म्हणजे "हे मी बोललोच नव्हतो" असं कोणी म्हणालं तर मूळ दाखवता येतं.

दोन ओळी पत्रात कधीच घालू नका. पहिली, "संपूर्ण गोपनीयता". बोस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनांच्या जुन्या सदस्यांच्या मुलाखती घेतल्या, मृत्यूपर्यंत गुप्त ठेवू असं मुलाखत देणाऱ्यांना वाटेल अशा बोलीवर. २०११ मध्ये ब्रिटिश तपासासाठी अमेरिकेत समन्स निघाले आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयानेही संशोधकांना संरक्षण दिलं नाही. "कायदा परवानगी देईल तेवढीच गोपनीयता" हे शब्द मुलाखत देणाऱ्याच्या सहीच्या कागदावर असावे लागतात, संस्थेच्या आतल्या करारात असून उपयोग नाही.

दुसरी, "सध्याच्या व भविष्यातील सर्व तंत्रज्ञानासाठी". वकिलांना हे वाक्य फार प्रिय. पण सत्तरीतल्या माणसाने २४ बिटच्या मुद्रणाला दिलेली संमती त्याच्या आवाजाच्या कृत्रिम नकलेला पुरते असं मानणं बेइमानी आहे, आणि युरोपीय संघाच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या कायद्याखाली तर संमती विशिष्ट हेतूपुरतीच ग्राह्य. चौकटी वेगवेगळ्या ठेवा: यंत्राने उतारा करणं, भाषांतर, प्रदर्शनात वापर, बोलकी प्रतिमा, आवाजाची नक्कल, एआय प्रशिक्षण. सगळ्या चौकटी कोऱ्या. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे.

जुनी_पाने

बोलक्या प्रतिमेत दोन जाती आहेत हे वकिलांना नीट समजावून सांगा, नाहीतर दोघांना एकच पत्र लावतात. नरसंहारांच्या साक्षी जपणाऱ्या शोआ फाउंडेशनच्या प्रकल्पात नरसंहारातून वाचलेल्यांना कॅमेऱ्यासमोर सुमारे हजार प्रश्न विचारले गेले. पाहुण्याने प्रश्न विचारला की यंत्र त्यातलं जवळचं उत्तर शोधून दाखवतं. शब्द माणसाचेच. दुसऱ्या जातीत यंत्र नवं वाक्य रचतं. तिथे संमती, बदनामी, सत्यता सगळे प्रश्न एकदम उभे राहतात.

सनदधारी

मृतांबद्दल कायदा विस्कळीत आहे. जीडीपीआर मृत व्यक्तींना लागू नाही. कॅलिफोर्नियात व्यक्तिमत्त्वाचे हक्क मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतात, न्यूयॉर्कच्या नव्या कायद्यात ४०. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं की असे हक्क व्यक्तीबरोबर संपतात. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चं पहिलं स्पष्टीकरण विसरू नका: मृत व्यक्तीवरचा आरोप, ती हयात असती तर बदनामी ठरला असता आणि नातेवाइकांना दुखावण्याच्या हेतूने केला असेल, तर तो बदनामी होऊ शकतो. ऐतिहासिक पात्राच्या तोंडी यंत्राने दिलेलं वाक्य कोणी तपासलं याची नोंद म्हणूनच हवी.

व्यवहारातला उपाय: प्रत्येक वाक्याला खूण. "पत्रातून", "समकालीन वृत्तान्तातून" की "आज रचलेलं". आणि ती खूण बोलत असतानाच पडद्यावर हवी. शेवटच्या श्रेयनामावलीत कोणी पाहत नाही.

साक्षीपुरावा

सगळे जण वकिलाला कागदावरच बसवताहेत. त्याहून मजेचं काम त्याला द्या: न्यायालयाची दृश्यं तपासणं.

आभासी वास्तवात जुने खटले उभे करणं हा संस्थांचा आवडता विषय आहे, कारण संवाद आयते मिळतात. लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयाची १६७४ ते १९१३ मधली १,९७,७४५ खटल्यांची कार्यवाही ऑनलाइन शोधता येते. आणि जवळजवळ प्रत्येक पटकथेत बचावाचा वकील शेवटी ज्युरीसमोर घणाघाती भाषण करतो. १८०० सालच्या दृश्यात हे साफ चूक! गंभीर गुन्ह्यातल्या आरोपीच्या वकिलाला ज्युरीला उद्देशून बोलण्याचा हक्क १८३६ च्या कायद्याने आला. त्याआधी वकील उलटतपासणी घ्यायचा, कायद्याचा मुद्दा मांडायचा, पण आरोपीची बाजू आरोपीलाच सांगावी लागे. अपवाद राजद्रोहाचा, तिथे १६९६ पासून वकिलाला मुभा होती. आणि आरोपी पिंजऱ्यातून उतरून शपथेवर साक्ष देतोय असं १८९८ पूर्वीचं दृश्य दिसलं तर तेही कापा. त्या साली फौजदारी पुरावा कायदा आला तेव्हा तो स्वतःच्या खटल्यात सक्षम साक्षीदार झाला.

दालनाच्या रचनेतही कायदा दिसतो. ओल्ड बेलीत आरोपीच्या चेहऱ्यावर खिडकीचा उजेड पाडायला वर आरसा लावलेला असे, ज्युरीला हावभाव दिसावेत म्हणून. डोक्यावर आवाज परावर्तित करणारी फळी. प्रकाशयोजना करणाऱ्याला हे सांगितलं की दृश्याचा उजेडच बदलतो.

आपल्याकडचं उदाहरण: लोकमान्य टिळकांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला. बारा ज्युरर बसवाल तर चुकाल. मुंबई उच्च न्यायालयात विशेष ज्युरी होती, नऊ जणांची. सात युरोपीय, दोन पारशी. निर्णय सात विरुद्ध दोन. म्हणजे एकमताची गरज नव्हती, आणि "ज्युरीने एकमुखाने दोषी ठरवलं" हे निवेदन खोटं. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, भाषण अनेक दिवस मिळून २१ तासांवर गेलं, इंग्रजीत. निकाल २२ जुलैच्या रात्री लागला, तेव्हा दृश्यात दिवे हवेत, खिडकीतून ऊन नको. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

तपासणीची पद्धत: पटकथेतल्या प्रत्येक न्यायालयीन कृतीला क्रमांक द्या (उभं राहणं, शपथ, हरकत, निकाल, शिक्षा), वकिलाने पुढे लिहायचं की त्या वर्षी, त्या न्यायालयात हे शक्य होतं का, कोणत्या कायद्याने. "हरकत आहे, माय लॉर्ड" सारखी वाक्यं निम्मी गळतात. हे काम करताना सनदेची, विम्याची, हितसंबंधांची भानगड जवळजवळ उरत नाही, कारण हा कायदेशीर सल्ला नाही, इतिहासाची तपासणी आहे. नोकरीतल्या कायदेतज्ज्ञांना हेच द्या.

आडवा_प्रश्न

हे पटलं. नऊ ज्युररचं माहीत नव्हतं.

त्रिमिती

कंत्राटदाराच्या करारावर कोणी लिहिलं नाही. संस्थेला ॲप मिळतं, पण मूळ प्रकल्पफाइल मिळत नाही, आणि दोन वर्षांनी ॲप नव्या फोनवर उघडत नाही. करारात वस्तूंची नावं लिहा: मूळ छायाचित्रं, पूर्ण घनतेचा मेश, कमी केलेला मेश, पोत, गेम इंजिनची प्रकल्पफाइल, स्रोतसंकेत, बांधणीच्या सूचना, खात्यांची मालकी. शेवटचा हप्ता या सगळ्या दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवल्यावर. फाइल खुल्या स्वरूपात, जीएलटीएफ किंवा ओबीजे. गूगलचं पॉली हे त्रिमितीय संग्रहस्थळ ३० जून २०२१ ला बंद झालं, तेव्हा ज्यांची एकमेव प्रत तिथे होती त्यांची पळापळ झाली.

आणि आमचा स्कॅन कंत्राटदाराने एआय प्रशिक्षणाला वापरायचा नाही, हेही कलम हवं.

कलमदान

त्यात संग्रहालयाकडून येणाऱ्या करारातलं नुकसानभरपाईचं कलम जोडा. छोट्या संस्थेने अमर्याद भरपाईवर सही करायची नाही. मर्यादा घालून घ्यायची, मिळालेल्या अनुदानाच्या रकमेइतकी वगैरे. मोफत वकिलाचा एक तास इथे सगळ्यात जास्त वसूल होतो.

बाहेर सोडतानाच्या परवान्याबद्दल: बिगर-व्यावसायिक अट लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण त्या अटीचं साहित्य विकिपीडिया घेत नाही, आणि खाजगी प्रकाशक पाठ्यपुस्तकात घालायला कचरतो. क्रिएटिव्ह कॉमन्स हा खुल्या वापराचा तयार परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही, म्हणून वहीत क किंवा ख असलेल्या थरांवरच लावा, आणि ख असेल तर मूळ परवानगीत पुढे परवाना देण्याचा हक्क आहे का ते आधी पाहा. सॉफ्टवेअरला हा परवाना लावू नका, त्याला एमआयटी किंवा जीपीएलसारखा वेगळा.

ध्वनिफीत

वही कोण भरणार हा प्रश्न राहिलाच. शिबिर भरवा. एक वकील आणि एक अभ्यासक अशी जोडी, तीन तास, वीस ओळींपेक्षा जास्त नाही. वस्तूची माहिती, छायाचित्र, ताब्याचा कागद आधीच एका फाइलमध्ये. वकिलाने शोधाशोध करायची नसते. सुरुवातीला पाऊण तास नमुन्याच्या पाच ओळी सगळ्यांनी मिळून सोडवायच्या, नाहीतर एका टेबलावर ग आणि दुसऱ्यावर घ असं होतं. वस्तू स्रोताप्रमाणे गठ्ठ्यात द्या: एकाच छायाचित्रकाराची चाळीस चित्रं असतील तर एक निर्णय चाळीस ओळी भरतो.

सनदधारी

आणि तक्रारीसाठी एक ईमेल पत्ता ॲपमध्येच. तक्रार आली की कामकाजाच्या तीन दिवसांत पोच, वादग्रस्त भाग आधी लपवायचा, मग वही काढून निर्णय. लपवणं म्हणजे पुसणं नव्हे, मूळ फाइल जागेवर राहते. तक्रार, उत्तर, तारीख हे त्याच ओळीला जोडा. वकील बदलला तर नव्याला फक्त वही, व्याप्तीपत्र आणि परवानग्यांचा फोल्डर द्यायचा. फाइलनावात वस्तू क्रमांक असला की "फायनल", "फायनल२" अशा करारांतून खरा कोणता हे शोधत बसावं लागत नाही.

कलमदान

वहीचे रकाने "थर", "अन्य बंधन" आणि "ज्या देशांत उघडतं" हे तिन्ही वाढवून वरचा मजकूर बदलतोय. साक्षीपुरावा, तुमचा तपासणीचा तक्ता वेगळ्या धाग्यात टाका, इथे हरवेल.